घर आणि कामाच्या सीमेवरील अभ्यास कसे पारखावेत

लघुप्रबंधासाठी आपण वाचलेल्या चारही शोधनिबंधांत एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली वापरली आहे आणि चारही निबंध असे सांगतात की घरून काम केल्याने घर व काम यांमधील सीमा पुसट होते आणि तिच्यापायी ताण वाढतो. हीच पद्धत नवी मुंबईतील ऐरोली व महापे येथील आयटी कर्मचाऱ्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म पाठवून वापरावी का, असा आपला प्रश्न आहे. हे निबंध बाजूला टाकण्याचे कारण नाही. मात्र ताणाचे कारण सीमा पुसट होणे हेच आहे, हे विधान त्यांच्या पद्धतीला पेलणारे नाही आणि आपण तीच पद्धत घेतली तर आपल्यालाही ते करता येणार नाही.

एकाच बैठकीत, एकाच व्यक्तीने, एकाच मनःस्थितीत दिलेल्या उत्तरांवरून दिशा ठरत नाही. आधीच ताणाखाली असलेल्या माणसाचे दिवसा काम उरकत नाही आणि तो रात्री जेवणानंतर पुन्हा लॅपटॉप उघडतो. अशा वेळी ताण आधी आणि सीमा मोडणे नंतर, असाही क्रम असू शकतो. शिवाय थकलेला माणूस दोन्ही प्रश्नसंचांना सारख्याच नाराजीने उत्तरे देतो, त्यामुळे सहसंबंध प्रत्यक्षाहून मोठा दिसतो. फिलिप पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये या दोषाची सविस्तर चिकित्सा केली असून, हार्मनची एक-घटक चाचणी (सर्व उत्तरांतील बहुतेक फरक एकाच घटकात गोळा होतो का, हे पाहणारी) केली म्हणजे दोष नाही असे सिद्ध होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले आहे. तरीही आजवर असंख्य निबंध त्या चाचणीचे एक वाक्य लिहून पुढे सरकतात. आपल्या चार निबंधांत हे वाक्य आहे का आणि त्यापलीकडे काही केले आहे का, हे आधी पाहावे.

त्याहून कमी लक्षात येणारा दोष मापनपट्टीतच असतो. नेटमेयर, बोल्स आणि मॅकमुरियन यांच्या 1996 च्या कार्य-कुटुंब संघर्षाच्या पट्टीतील एक विधान असे आहे की नोकरीमुळे येणाऱ्या ताणापायी कौटुंबिक कर्तव्ये पार पाडणे अवघड जाते. ताण हा ज्या मापाचा भाग आहे, त्याच मापाचा ताणाच्या दुसऱ्या पट्टीशी संबंध आढळला, तर त्यातील काही भाग आपणच आधी पेरलेला असतो. क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे पट्टीतील विधाने एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, 0.90 आला तरी या दोषात काहीही फरक पडत नाही. म्हणून निबंधातील तक्ते पाहण्यापूर्वी दोन्ही पट्ट्यांची मूळ विधाने शेजारी ठेवून वाचावीत. माझ्या मते पद्धत पारखण्याचे यापेक्षा चांगले साधन नाही.

सीमेविषयीही या निबंधांत एक गृहीतक लपलेले असते, ते असे की घर व काम वेगळे ठेवणे सर्वांनाच हवे असते. निपर्ट-एंग यांनी 1996 मध्ये आणि अ‍ॅशफोर्थ, क्रायनर व फुगाटे यांनी 2000 मध्ये दाखवले की काहींना कप्पे वेगळे ठेवायला आवडतात, तर काहींना ते मिसळलेले चालतात. क्रायनर यांच्या 2006 च्या अभ्यासाचा भर व्यक्तीची पसंती आणि कार्यालयाकडून मिळणारी मुभा यांच्या मेळावर आहे. त्यामुळे सरमिसळ किती होते एवढेच विचारून भागत नाही. ती त्या व्यक्तीला हवी होती का, हेही विचारावे लागते.

आपल्याकडे तर पसंतीच्याही आधी जागेचा प्रश्न येतो. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधील सिट्रिप कंपनीत केलेला, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या क्षेत्रातील अत्यंत भक्कम अभ्यासांपैकी आहे, कारण घरून कोण काम करणार हे जन्मतारीख सम की विषम यावरून ठरवले होते. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्के वाढली. परंतु हे कर्मचारी स्वेच्छेने पुढे आलेले होते आणि घरी कामासाठी स्वतंत्र खोली असणे ही त्यांच्यासाठी अट होती. कळव्यात दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासरे दूरदर्शन पाहत असताना स्वयंपाकघरातून मीटिंग घेणाऱ्या सुनेला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. दुसरीकडे, बदलापूरहून निघून ठाण्याला ट्रान्स-हार्बरची गाडी बदलत ऐरोलीला पोचणाऱ्या माणसाला घरून काम केल्याने प्रवासाचे तास परत मिळतात. हे दोन परिणाम परस्परविरुद्ध असल्याने एकत्र सरासरी काढली तर काहीच परिणाम नाही असे दिसू शकते. म्हणून खोल्यांची संख्या, घरातील माणसे, लहान मुले व वृद्ध यांची देखभाल, प्रवासाचा वेळ आणि कामाची पाळी (शिफ्ट), हे सर्व आपल्या फॉर्ममध्ये हवेच.

व्हॉट्सअ‍ॅपवरील नमुन्याविषयी थोडक्यात सांगतो. फॉर्म भरायला ज्यांना उसंत आहे तेच तो भरतील आणि ताण असह्य होऊन नोकरी सोडलेले कर्मचाऱ्यांच्या त्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत नसतील. फॉर्म एचआरमार्फत पाठवला तर उत्तरे सावध येतील.

माझी सूचना अशी की माणसे कमी घ्या, पण पाच कामाच्या दिवसांची दैनंदिनी ठेवून घ्या. रोज काम बंद केल्यावर आणि झोपण्यापूर्वी तीन-चार लहान प्रश्न पुरेत. त्यामुळे प्रत्येकाचा एक दिवस त्याच्याच दुसऱ्या दिवसाशी ताडून पाहता येतो आणि स्वभावाने चिंता करणारा कोण, न करणारा कोण, हा फरक बाजूला होतो. कोहेन यांची 1983 ची ताणाची पट्टी मात्र येथे वापरू नये, कारण ती गेल्या महिन्याविषयी विचारते. विश्लेषणात व्यक्तीअंतर्गत (एकाच माणसाच्या दिवसादिवसांतील) आणि व्यक्तीव्यक्तींमधील फरक वेगळे मांडावेत.

मार्गदर्शकांनी मुदतीअभावी सर्वेक्षणाचाच आग्रह धरला, तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तेच फॉर्म दोनदा भरून घ्या, दोन्ही वेळा सीमा आणि ताण या दोहोंचे मापन करा आणि दुसऱ्या फेरीत न आलेल्यांची पहिल्या फेरीतील उत्तरे आलेल्यांच्या उत्तरांशी ताडून तो तक्ता प्रबंधात द्या. त्याशिवाय अलीकडे नोकरी सोडलेल्या काही जणांच्या मुलाखती घ्या. परीक्षक नमुन्याविषयी पहिला प्रश्न बहुधा त्यांच्याबद्दलच विचारतील.