बसमध्ये राहिलेला कॅमेरा

प्रश्न : पंधरा दिवसांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. तिच्या तिघी बहिणी कित्येक वर्षांनी एकत्र आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बेळगावला जाताना कॅमेऱ्याची बॅग बसच्या रॅकवरच राहिली. कॅमेरा गेल्याचं एवढं नाही, पण ते फोटो परत कुठून आणायचे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी तिकीट शोधा. बस वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची होती की महाराष्ट्राची लालपरी, हे नक्की करा. आपल्या भागात दोन्ही धावतात आणि बॅग कंडक्टरच्या हाती लागली असेल तर ती ज्या आगाराची बस त्याच आगारात जमा होते. त्यामुळे बेळगावच्या स्टँडवर चौकशी करून ‘नाही’ म्हणाले, तरी बॅग कोल्हापूरकडच्या एखाद्या आगारात पडलेली असू शकते. तारीख, वेळ आणि मार्ग सांगून त्या आगारात स्वतः जाऊन विचारा.

पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करताना कॅमेऱ्याचा सीरियल नंबर द्या. तो बिलावर किंवा खोक्यावर असतो. दोन्ही नसतील तर त्याच कॅमेऱ्याने पूर्वी काढलेला मूळ फोटो संगणकावर एक्झिफ (फोटोच्या फाइलीतच साठवलेली कॅमेऱ्याची माहिती) दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. बऱ्याच डीएसएलआरचा नंबर फोटोतच नोंदलेला असतो. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत इथे चालणार नाही, तिच्यातली ही माहिती पुसली जाते.

स्टँडवर चिठ्ठी लावाल ती कन्नड आणि मराठी दोन्हीत लावा. आमचं आग्रहाचं सांगणं आहे की तिच्यात कॅमेरा मागू नका, फक्त कार्ड मागा. ‘कॅमेरा ठेवा, आतलं कार्ड पाकिटात घालून या पत्त्यावर पाठवा, आजीचे फोटो आहेत’, एवढंच. धमकीची भाषा वाचून माणूस कार्डही फेकून देतो.

पण सगळी आशा कार्डावर ठेवू नका. पाहुण्यांच्या फोनमध्ये काय आहे ते याच आठवड्यात गोळा करा, कारण मेमरी भरली की लोक पहिल्यांदा समारंभाचे व्हिडिओच उडवतात. ग्रुपवर फोटो मागवू नका. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा होतो. त्याची ४ × ६ इंची प्रिंट बरी येते, ८ × १२ केली की चेहरे मऊ पडतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ आकारात येतो आणि १२ मेगापिक्सेलचा असेल तर भिंतीवर लावण्याजोगा निघतो. वयस्कर मावश्यांना हे फोनवरून समजावणं अवघड जातं. कुणी भाचा किंवा नात जाऊन केबलने उतरवून घेईल तर उत्तम.

औक्षणाचा व्हिडिओ कुणीतरी घेतलेलाच असेल. ४के व्हिडिओतली एक फ्रेम ८ मेगापिक्सेलची असते, साध्या १०८०चीही २ मेगापिक्सेलची. चौघी बहिणी एका रांगेत, स्थिर दिसतात तो क्षण थांबवून फ्रेम काढा. दिव्यांच्या उजेडात हात हलताना घेतलेली फ्रेम पुसट येते, ती टाळा.

तुमचा कॅमेरा निकॉनचा असेल आणि फोनमधल्या स्नॅपब्रिज ॲपला जोडलेला असेल, तर आधी तुमचाच फोन तपासा. आपोआप पाठवणं चालू असल्यास फोटोंच्या २ मेगापिक्सेलच्या प्रती तिथे उतरलेल्या असतात.

प्रश्न : हरवलेला कॅमेरा परत मिळाला, पण कार्ड रिकामं दिसतं. फोटो गेले का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : बहुधा नाहीत. फोटो डिलीट केले किंवा साधं फॉरमॅट केलं की फक्त यादी पुसली जाते. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत फोटो राहतात. म्हणून कॅमेरा चालतो का हे बघायला एकही फोटो काढू नका. कार्ड बाहेर काढून त्याच्या कडेची छोटी कळ ‘लॉक’कडे सरकवा आणि कार्ड रीडरने संगणकाला जोडा. ‘कार्ड फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं तर नाही म्हणा. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम चालवा आणि निघालेल्या फाइली संगणकाच्या डिस्कवर ठेवा, त्याच कार्डावर नव्हे. फाइलींची मूळ नावं परत येत नाहीत, लांब व्हिडिओ तुटके निघतात. कुणी ‘लो लेव्हल फॉरमॅट’, म्हणजे यादीच नव्हे तर कार्डावरची सगळी जागा पुसणारं फॉरमॅट, केलं असेल तर मात्र बहुतेक काही हाती लागत नाही.