‘सजेस्ट’ पाठ करताना अर्थावर थांबू नकोस

‘सजेस्ट म्हणजे सुचवणे’ एवढं वहीत लिहिलंस की अर्धंच काम झालं. खरी गोची वाक्यात होते. आपण ‘त्याने मला जायला सुचवलं’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘ही सजेस्टेड मी टू गो’ लिहितो. हे चूक. ‘अडव्हाइज’ला मात्र हीच रचना चालते: ‘ही अडव्हाइज्ड मी टू गो’. म्हणून दोन्ही क्रियापदं शेजारी-शेजारी लिहून ठेव.

‘सजेस्ट’चे साचे असे. पुढे नाम: ‘शी सजेस्टेड अ हॉटेल निअर पंचवटी’. कुणाला सुचवलं ते सांगायचं तर शेवटी ‘टू मी’. हा ‘टू’ गाळायचा नाही. पुढे आयएनजी लावलेलं क्रियापद: ‘ही सजेस्टेड गोइंग टू त्र्यंबकेश्वर बाय बस’. आणि तिसरा, ‘दॅट’चा, जिथे भलेभले अडकतात: ‘आय सजेस्ट दॅट शी टेक द मॉर्निंग बस’. ‘शी’ असूनही ‘टेक्स’ नाही, मूळ रूपच. ते कानाला खटकत असेल तर ‘शी शुड टेक’ लिही, ब्रिटिश इंग्रजीत ते सर्रास चालतं.

एक वेगळा अर्थही आहे, सूचित करणे: ‘द डार्क क्लाउड्स सजेस्ट रेन’. इथे कुणी सल्ला देत नाही. या अर्थाने ‘दॅट’ आलं तर क्रियापद नेहमीसारखंच: ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट ही इज इल’.

शब्दकोश लर्नर्स प्रकारचाच, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेलाच घे, त्यात अर्थासोबत साचाही छापलेला असतो. मग प्रत्येक साच्यात दोन-दोन वाक्यं स्वतःची, आपल्या नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), गंगापूर रोड, द्राक्षबाग यांवरची लिही. गाइडमधली उतरवू नकोस.