घरी गरीब गाय, गाडीवर वेगळाच माणूस

"मॅडम, घरी हा माणूस कधी आवाज चढवत नाही. गाडीची किल्ली हातात आली की कोण अंगात येतं कोण जाणे." कोथरूडच्या एका बाईंचं हे गाऱ्हाणं. समुपदेशक म्हणून असं मी बरेचदा ऐकते, कधी बायकोकडून, कधी आईकडून. पुढचा प्रश्नही ठरलेला: सांगून ऐकत नाही, काय करू? (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

या बाई माझ्याकडे आल्या त्या मुलामुळे. सात वर्षांचा मुलगा सोसायटीत सायकल चालवताना समोर आलेल्या आजोबांवर खेकसला, "ए, दिसत नाही का?" आजोबांनी हसण्यावारी नेलं. आईला मात्र तो सूर ओळखीचा वाटला.

नवरा तिसऱ्या भेटीला आला, तोही घुश्शातच. "पुण्यात नियमानं गाडी चालवून दाखवा. मागचे हॉर्न वाजवून जीव घेतात." त्यात खोटं काही नव्हतं. त्या सकाळी लांबचा यू-टर्न टाळायला मीच शंभरेक फूट राँग साइडनं आले होते. ते कबूल केलं, तेव्हा कुठे ते खुर्चीत नीट टेकून बसले. आपण सिग्नल तोडला तर घाई होती, दुसऱ्यानं तोडला तर तो बेअक्कल, हा हिशेब आपण सगळेच मांडतो. रस्त्यावर तो फार सोपा जातो, कारण समोर चेहरा नसतो, नंबर प्लेट असते.

उपदेश टाळला. फक्त वेळ लिहायला सांगितली. कोथरूड डेपो ते शिवाजीनगर त्यांना नेहमी किती मिनिटं लागतात ते त्यांना पाठच होतं. एक आठवडा कट न मारता, पिवळ्यावर न घुसता जायचं आणि रोज आकडा टिपायचा. फरक निघाला तीन-चार मिनिटांचा. "नळ स्टॉपला ज्याला मागे टाकतो, तोच डेक्कनला शेजारी येऊन उभा राहतो," ते स्वतःच म्हणाले. खरी गडबड घरातच होती: निघायलाच दहा मिनिटं उशीर व्हायचा आणि तो रस्त्यावर वसूल केला जायचा.

फोनची सवय जास्त चिवट. हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणं, मधूनच स्क्रीन बघणं. आकड्यांचा माणूस, म्हणून गणितच मांडलं. ताशी 40 किलोमीटरला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर 22 मीटर, म्हणजे पीएमपीच्या जवळजवळ दोन मोठ्या बसच्या लांबीएवढं अंतर आंधळेपणानं कापलं. तरी निश्चयावर विसंबलो नाही. रिंग वाजली की मन ठरवायच्या आत हात जातो. म्हणून किल्ली फिरवण्याआधी फोन डिकीत. पुढे उभा राहणारा मुलगा मागे गेला, हेल्मेट घालून. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्यानं सक्तीचं आहे, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

बाईंनाही काम दिलं, आणि ते त्यांना आवडलं नाही. मागून "अरे हळू, अरे बस आली" म्हणणं बंद. चालत्या गाडीवरची सूचना टीका म्हणूनच ऐकू येते. मान ताठ होते आणि हात ॲक्सिलरेटर पिळतो. बोलायचं ते घरी, चहा घेताना. खरंच भीती वाटली तर भांडण न करता, "थांबव, मी रिक्षानं येते." त्या एकदाच उतरल्या, कर्वे पुतळ्यापाशी. तो दिवस त्यांचे यजमान अजून विसरलेले नाहीत.

सगळं सुधारलं असं नाही. हॉर्नवरचा अंगठा अजून सैल आहे, आणि चांदणी चौकाचं नाव काढलं की चेहरा बदलतो. पण पुढच्या गाडीपासून अंतर राखायला मी एक युक्ती सांगितली होती: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" मोजायचं, त्याआधी आपण खांबाशी पोचता कामा नये. पावसात आणखी एक-दोन वाढवायचे. हे मोजायचं काम मुलानं आपण होऊन घेतलं. परवा आई सांगत होती, पौड फाट्याला मागून जोरात आवाज आला, "बाबा, दीडच झाले!"