गणपतीतलं बालपण खोटं होतं का?

"लहानपणी गावच्या गणपतीत आम्ही जे सुख अनुभवलं ते खरंच तसं होतं, की मीच रंगवून ठेवलंय?" भाद्रपद जवळ आला की हा प्रश्न समुपदेशनात हमखास येतो. शब्द वेगळे असतात. कुणी म्हणतं, भावाला काहीच आठवत नाही. कुणी म्हणतं, आई आता उलटंच सांगते. इथे दिलेली हकिकत अशाच एका ताईंची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई ४६ वर्षांच्या, राहायला ठाण्यात, मूळ घर कुडाळ तालुक्यात. दहावीपर्यंत दर चतुर्थीला सगळी चुलत भावंडं त्या घरी जमायची. यंदा त्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवसांबद्दल भरभरून लिहिलं: ओटीवरची माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट), तिला बांधलेली कवंडाळं आणि कांगल्या ही रानफळं, पडवीत ओळीने घातलेली अंथरुणं. त्यावर काकूंचं उत्तर आलं, "मजा तुमची होती, कंबर आमची मोडायची." धाकट्या भावाने लिहिलं, "मला ते दिवस आठवायचेच नाहीत." आई काहीच बोलल्या नाहीत. त्यानंतर तीन आठवडे ताईंची झोप उडाली होती. तेच संदेश पुन्हा पुन्हा वाचायच्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख जवळ आली तरी तिकिटं काढायची की नाही हे ठरत नव्हतं.

अशा वेळी "सगळ्यांच्या घरी असंच असतं हो" एवढं म्हणून मोकळं होऊ नये. त्याने ना काकूंचं दुखणं ऐकलं जातं, ना ताईंचं. आधी बघायचं ते हे, की नेमकं काय हरवल्यासारखं वाटतंय. ताईंच्या बाबतीत ते दुसऱ्या भेटीत कळलं. वर्षभर डोंबिवलीत दोन खोल्या, आईवडील दोघंही नोकरीला, शाळेतून आल्यावर गळ्यातल्या किल्लीने दार उघडून एकटीने बसायचं. गावातले ते सात-आठ दिवस असे, की घरात कायम कुणीतरी असायचं आणि तरीही "कुठे होतीस" असं कुणी विचारायचं नाही. आठवणीत मोदकांपेक्षा हे जास्त घट्ट बसलं होतं. ते सुख खोटं कसं असेल? काकूंच्या कंबरदुखीने ते पुसलं जात नाही.

तपशिलांचं मात्र वेगळं. आठवण ही कपाटात जपून ठेवलेली वस्तू नव्हे, ती दर वेळी नव्याने जुळवली जाते. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालीच हे प्रयोगांनी मांडलं होतं. दरवर्षी तशाच घडणाऱ्या प्रसंगात ही जुळवाजुळव जास्त होते. दहा चतुर्थ्यांची मिळून मनात एकच चतुर्थी तयार होते, आणि "आम्ही नेहमी असं करायचो" यातलं 'नेहमी' कधी कधी एकदाच घडलेलं असतं. ताईंना सातवीत भावासोबत कोकण रेल्वेच्या खिडकीत बसून गावी गेल्याचं स्पष्ट आठवत होतं. सातवी म्हणजे १९९१. तेव्हा त्या मार्गाचं काम नुकतं सुरू झालं होतं, पूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला. ताई सातवीत गेल्या त्या एसटीनेच. खिडकीतला पाऊस, भाऊ, डब्यातल्या घावण्या हे सगळं खरं, फक्त वाहन नंतरचं. हे कळल्यावर त्या घाबरल्या, म्हणजे बाकीचंही असंच का? तसं नसतं. तारीख, क्रम, कोण हजर होतं, यात मन चुकतं. एखाद्या जागी आपल्याला कसं वाटायचं, याची वर्षानुवर्षं टिकलेली जाणीव एवढ्याशा चुकीने कोसळत नाही.

मग त्यांना घरी करायला घड्याळ-कागद दिला. मोठा कागद आडवा धरायचा. डावीकडे पहाटे ४ पासून रात्री १२ पर्यंतचे तास. वरती चार रकाने: मी, आई, काकू, भाऊ. चतुर्थीचा एकच दिवस घ्यायचा, सगळा उत्सव नाही. आधी स्वतःचा रकाना भरायचा आणि जिथे खरंच आठवत नाही तिथे रेघ मारायची, अंदाज लिहायचा नाही. दुसऱ्यांचे रकाने कोरे ठेवायचे. ते त्या त्या माणसाला विचारूनच भरायचे. गडबड होते ती इथे: लोक उत्साहात आईचाही रकाना आपणच भरतात आणि मग फक्त सही घेतल्यासारखं "बरोबर ना?" विचारतात.

ताईंचा रकाना दहा मिनिटांत भरला. अकरा वाजता 'विहिरीवर खेळ', एक वाजता 'आरती', दीड वाजता 'मोदक', रात्री अकराला 'झोप'. मग त्यांना एक हिशोब करायला सांगितला, कारण "खूप काम असायचं" हे वाक्य कानांवरून जातं, आकडे जात नाहीत. घरात माणसं २६. प्रत्येकी ४ मोदक धरले तर १०४, नैवेद्याचे २१, म्हणजे १२५. एक वाटी पिठीचे साधारण दहा मोदक होतात, म्हणजे साडेबारा वाट्या पिठीची उकड. सारणाला आठेक नारळ, ते विळीवर खवायला प्रत्येकी दहा मिनिटं धरली तरी ऐंशी मिनिटं. सरावलेल्या हाताला पारी करून, कळ्या पाडून एक मोदक बंद करायला दीड मिनिट लागतं, म्हणजे तीन तासांहून जास्त. दोघी बसल्या तरी दीड तास, आणि उकड गार होऊ द्यायची नाही, नाहीतर पारीला चिरा पडतात, म्हणून मधे उठायची सोय नाही. एका वेळी वीस मोदक मावणाऱ्या भांड्यात सात घाणे, प्रत्येकी बारा मिनिटं, चुलीच्या धगीसमोर. आंघोळीचं पाणी माणशी १५ लिटर धरलं तर ३९० लिटर, म्हणजे दहा लिटरच्या घागरीने विहिरीच्या ३९ खेपा. रात्रीच्या भजनाला येणाऱ्या वाडीतल्या माणसांसाठी काळे वाटाणे आदल्या रात्री भिजवलेले असायचे, त्यांची उसळ वेगळीच. ताई हिशोब मांडता मांडता मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी विहिरीवर खेळत होते, तेव्हा काकू तिथेच पाणी काढत होत्या." त्यांना काकू तिथे दिसल्याचं आठवतही होतं. फक्त ते काम आहे, हे आठव्या वर्षी कळलं नव्हतं, आणि आठव्या वर्षी ते कळायलाच हवं होतं असंही नाही.

आईशी बोलायचं कसं, हे नीट ठरवून घेतलं. सणाच्या दिवशी, स्वयंपाक चालू असताना नाही. ग्रुपवर तर मुळीच नाही, कारण तिथे प्रत्येक वाक्य सगळ्यांसमोरची साक्ष होते. दुपारचं जेवण आवरल्यावर, दोघीच, जास्तीत जास्त ४० मिनिटं. हातात वाती वळण्यासारखं हलकं काम असावं. नजर खाली राहिली की बोलणं सैल होतं. जुने फोटो शेवटी काढावेत. आधी दाखवले तर माणूस आठवण सांगायची सोडून फोटोच सांगू लागतो. "तेव्हा किती मजा यायची ना?" हा प्रश्नच नव्हे, त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. "सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचीस?" असं विचारावं. काळ नक्की करायला खुणा वापराव्यात: रेल्वेच्या आधी की नंतर, घरात वीज आली होती का, अमक्याचं लग्न झालं होतं का. आईंनी त्या दुपारी एक गोष्ट पहिल्यांदा सांगितली: सणात 'बाजूला' बसावं लागू नये म्हणून त्या पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घ्यायच्या आणि तरीही पूर्ण आठवडा धास्तीत जायचा. ताई ऐकत राहिल्या. त्यांनी मधे माफी मागितली नाही, समजूतही घातली नाही. हे आधी ठरवलेलं होतं. ऐकणाऱ्याने लगेच रडायला किंवा माफी मागायला सुरुवात केली की सांगणाऱ्यालाच त्याला सांभाळावं लागतं.

भावाचा रकाना सगळ्यांत नाजूक होता. तो लहानपणी अडखळत बोलायचा. दर वर्षी आरतीनंतर एक काका मुलांना एकेक करून श्लोक म्हणायला उभं करत आणि याची पाळी आली की त्याची नक्कल करत. ओटीवर हशा व्हायचा, ताईही हसायच्या. हे त्यांच्या आठवणीत होतं, पण 'गंमत' म्हणून. भावाने आणखी एक सांगितलं: आरती त्याला फार आवडायची, कारण सगळ्यांबरोबर म्हणताना तो एकदाही अडखळायचा नाही. हे अगदी खरं आहे. अडखळणाऱ्या बहुतेकांचा उच्चार समूहात किंवा गाताना मोकळा होतो, आणि एकट्याने, सगळ्यांच्या नजरा अंगावर असताना घट्ट होतो. म्हणजे त्या मुलाला एकाच संध्याकाळी, एकाच ओटीवर, अर्ध्या तासाच्या अंतराने वर्षातला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट क्षण मिळत होता.

ताईंना त्या काकांना जाब विचारायचा होता. थांबवलं. कधी बोलायचं, बोलायचं की नाही, हे भावाच्या हातात असायला हवं. त्यांनी फक्त स्वतःच्या वाट्याचं बोलावं: "मी पण हसले होते. तुला काय होत असेल हे मला कळलं नव्हतं." एवढं पुरे. त्यापुढे 'पण' जोडायचा नाही.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. अशा गप्पांमध्ये कुणी मारहाणीची किंवा नको त्या स्पर्शाची आठवण सांगितली, तर घड्याळ-कागद तिथेच बाजूला ठेवावा. तपशील खोदू नयेत, "नक्की ना?" विचारू नये, त्या नातेवाइकासमोर बसवू नये, आणि प्रशिक्षित व्यक्तीची मदत घ्यावी. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आजच्या घडीला एखाद्या लहान मुलाला त्रास होत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

पाचव्या भेटीपर्यंत ताईंनी तिकिटं काढली होती. यंदाची व्यवस्थाही घरच्यांनी नव्याने बसवली: घरी फक्त नैवेद्याचे २१ मोदक, तेही ओटीवर पाट मांडून पुरुष-मुलांसह सगळ्यांनी मिळून करायचे, बाकीचे गावातल्या बचत गटाकडून, भजनाच्या उसळीला पैसे देऊन बाई, पाणी, भांडी, झाडलोट यांची नावानिशी पाळी, आणि तो कागद तिकिटं निघण्याआधीच ग्रुपवर. ऐनवेळी "बघू, होईल" म्हटलं की काम पुन्हा त्याच दोघींवर येतं. भाऊ दोनच दिवस येणार, आरतीला उभा राहणार. मुलांना एकेकटं उभं करून काही म्हणायला लावायचं नाही, हे मोठ्या चुलतभावाने आपणहून लिहिलं.

काकूंचा रकाना सगळ्यांत शेवटी, फोनवर भरला. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत एकही तास रिकामा नव्हता. ताईंनी विचारलं, "काकू, त्या दिवसात तुम्हाला स्वतःला आवडायचं असं काही होतं का?" काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, भांडी घासून झाली, पोरं झोपली, की आम्ही जावा खळ्यात उतरायचो आणि फुगड्या घालायचो, पाय दुखेपर्यंत.

कागदावर तो रात्री अकराचा तास होता. ताईंच्या रकान्यात तिथे 'झोप' लिहिलं होतं.