समुद्राकडे जायची वाट रिसॉर्टवाला अडवू शकतो का? पोहायला काय नियम आहेत?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात फॅमिली घेऊन सिंधुदुर्गात जाताय, रिसॉर्टवाला म्हणतो आमचा 'प्रायव्हेट बीच' आहे, तर असं काही असतं का आणि पाण्यात उतरायचे नियम काय.

प्रायव्हेट बीच असं काही नसतं. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवरची जमीन सरकारची, महसूल संहितेच्या कलम २० मध्येच आहे ते. आणि सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमात १९९१ पासून लिहिलंय की किनाऱ्यावरच्या दोन हॉटेलांमध्ये लोकांना समुद्राकडे जायला किमान २० मीटर रुंद जागा मोकळी ठेवायची; पुढे हेही आलं की कुंपण घातलं तरी त्याने लोकांची वाट अडता कामा नये. किती ठिकाणी पाळतात ते तुम्ही आल्यावर बघालच.

आमचं घर मालवण तालुक्यात. घरामागून एक पाणंद जायची, दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा, दोन माणसं टोपल्या घेऊन कशीबशी जातील एवढीच रुंद, पुढे सुरूच्या बनातून थेट पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर. आजोबा, मग बाबा, त्याच वाटेने रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने मासे धरायला गेले. ती कागदावर कुठेच नव्हती, कारण लिहावी लागेल असं कोणाला वाटलंच नाही. चुलतभावाने, आमच्या दादाने, पुढची जागा विकली, घेणाऱ्याने रिसॉर्ट बांधलं, पाणंदीच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवलं. मी दादाला आधीच म्हटलं होतं, खरेदीखतात वाट लिहून घे. तर म्हणे, "अगो, आपल्याक कोण अडवतलो?"

२०१८ चा मे. पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस, दुपारचे तीन वाजलेले आणि सुकती, म्हणजे ओहोटी, जोरात लागलेली. रिसॉर्टमधली चार पोरं खाडीच्या तोंडाकडे पोहत होती. बाबांनी दुपारीच कुंपणाच्या जाळीतून त्यांना ओरडून सांगितलं होतं, "थंय जाव नकात रे, पाणी ओढता." पोरं हसली आणि हात हलवून गेली. मग शेजारचा मुलगा धावत आला की दोघं आत ओढले गेले. आमच्या पडवीत कायम एक तेलाचा १५ लिटरचा रिकामा कॅन टांगलेला असायचा, झाकण घट्ट बसवलेला, त्याला नायलॉनची लांब दोरी आणि दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी, ओल्या हाताला पकड यावी म्हणून. बाबा तो घेऊन धावले, मी मागे. गेटला कुलूप. वॉचमन नवा होता, म्हणाला चावी मॅनेजरकडे आहे, फोन लावतो. फोन लागेना. शेजारचा मुलगा कॅन घेऊन काटेरी तारेवरून चढला, दोन्ही हात फाटले त्याचे, आणि साठी उलटलेले बाबा जेटीकडून वळसा घालून आले, त्यात दहा मिनिटं गेली. एकाला कॅन मिळाला. दुसरा पहाटे खाडीत सापडला, आमच्याच रापणवाल्यांना.

दादा आजही म्हणतो, पोरं प्यायलेली होती, गेट उघडं असतं तरी तेच झालं असतं. नव्हती प्यायलेली. वाचलेल्याच्या शेजारी मी तासभर बसले होते, ब्लँकेट धरून, त्याच्या तोंडाला कसलाही वास नव्हता. आणि समजा असती प्यायलेली, तरी प्यायलेल्या माणसाला वाचवायला दहा मिनिटं उशिरा जायचं असा कुठे नियम आहे का? वाट बंद केली की ज्याला पाणी कळतं तोच माणूस बाहेर राहतो, आणि आत उरतात पाहुणे आणि वॉचमन.

आता तुमच्या पोहण्याचं. पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात, आधी कलम १४४ खाली निघायचे, आता नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आम्ही होड्या वर ओढून ठेवतो आणि लोक मुलांना ट्यूब घालून पाण्यात सोडतात, बघवत नाही. गोव्यात २००८ पासून दृष्टी या कंपनीचे जीवरक्षक आहेत, लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधे पोहायचं, नुसता लाल असेल तर उतरायचं नाही. आमच्याकडे बऱ्याच किनाऱ्यांवर झेंडाही नाही आणि माणूसही नाही. मालवणजवळच्या वायरीला २०१७ च्या एप्रिलमध्ये बेळगावच्या कॉलेजचे ८ जण बुडून गेले. एप्रिल होता, पावसाळा नव्हता, हे लक्षात ठेवा.

म्हणून उतरण्याआधी दहा मिनिटं वर उभं राहून नुसतं पाणी बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत, गढूळ किंवा काळपट दिसतोय, त्यातून फेस बाहेर जातोय, तर तिथेच ओढ असते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो कारण लाट नाही. सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारू नका, दमून बुडाल. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि मग लाटेबरोबर आत या. सुकतीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी मुळीच नाही. आणि दुसरा बुडताना दिसला तर उडी मारू नका, तरंगणारं काहीतरी फेका, ११२ लावा, तटरक्षक दलाचा १५५४ आहे.

हेही सांगते, नाहीतर गैरसमज होईल. पुळण सगळ्यांची असली तरी रस्ता आणि पुळण यांच्या मधली वाडी कोणाचीतरी खासगी असू शकते, त्यातून घुसायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. वहिवाटीच्या वाटेसाठी सुविधाधिकार कायद्यात (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यासारख्या हक्कांचा कायदा) २० वर्षांचा विनाअडथळा वापर दाखवावा लागतो, ते काम आम्हा गाववाल्यांचं. आमचा दावा चालू आहे, दादाने अजून साक्ष दिलेली नाही.

बुकिंग करायच्या आधी रिसॉर्टला फोन करून विचारा की समुद्राकडच्या गेटला कुलूप असतं का, आणि दुपारी तीन वाजता चावी कोणाकडे असते.