प्रश्न तुमचे: गाण्याच्या व्हिडिओतला वेळेचा हिशोब

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न दिसायला वेगवेगळे असले, तरी त्यांची मुळं एकाच जागी आहेत. गाण्याची लय आधी ठरलेली असते. चित्राला तिच्या मापात बसावं लागतं, आणि ते माप शूटिंगच्या आधी मोजावं लागतं.

प्रश्न: काही व्हिडिओंत केस, कपडे, पाऊस सगळं संथ हलतं, पण गायिकेचे ओठ गाण्याबरोबर नेमके चालतात. आम्ही सेकंदाला ५० फ्रेमवर (म्हणजे ५० चित्रं टिपत) शूट करून वेग निम्मा केला, तर ओठही मंदावले. हे कसं साधतात?

सेटवर गाणंच जलद वाजवतात. कॅमेऱ्याच्या फ्रेमना अंतिम व्हिडिओच्या फ्रेमनी भागा. जो आकडा येईल तितक्या पट वेगानं गाणं लावा. ५० ÷ २५ म्हणजे दुप्पट. चार मिनिटांचं गाणं सेटवर दोन मिनिटांत संपतं, गायिका त्या वेगानं गाते, आणि फुटेज २५ फ्रेमवर चालवलं की ओठ मूळ लयीत येतात, बाकी सगळं निम्म्या वेगानं तरंगतं.

दुप्पट वेग प्रत्येक गाण्याला झेपत नाही. ९० बीपीएमचं (मिनिटाला ९० ठोक्यांचं) गाणं १८० वर जातं; लांब स्वरांची ओळ त्यात निभते, पण शब्दांची दाटी असलेलं कडवं जिभेला आवरत नाही. अशा जागी कॅमेरा ३० फ्रेमवर ठेवून गाणं १२० टक्के वेगानं वाजवा. परिणाम सौम्य असतो, पण चेहऱ्याला तो पुष्कळदा जास्त शोभतो. गाण्याच्या १००, १२० आणि २०० टक्के वेगाच्या तीन फाइल करा आणि नावातच वेग लिहा. वेग वाढवताना सूर न बदलणारा पर्याय निवडा, नाहीतर आवाज चिरका होऊन शब्द पकडता येत नाहीत. जलद फाइल गायिकेला सरावासाठी काही दिवस आधी मिळालीच पाहिजे.

सगळ्यात जास्त फसतं ते शरीर. गाणं जलद वाजू लागलं की मान, हात, पापण्याही घाईत हलू लागतात. दुप्पट घाईनं केलेला हातवारा पडद्यावर साध्या वेगाचा दिसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ओठ जलद आणि बाकी अंग नेहमीच्या गतीनं, हा वेगळा सराव आहे. तो आरशासमोर करवून घ्या. गायिकेनं मोठ्यानं गायला हवं. नुसते ओठ हलवले तर गळ्याचे स्नायू आणि छातीतला श्वास हलत नाही, आणि प्रेक्षकाला कारण कळलं नाही तरी खोटेपणा जाणवतो.

दोन तांत्रिक गोष्टी. बरेच कॅमेरे जास्त फ्रेमवर आवाज टिपत नाहीत, म्हणून प्रत्येक टेकच्या सुरुवातीला फ्रेममध्ये क्लॅप द्या, किंवा गाण्याचे सेकंद दाखवणारा फोन काही क्षण कॅमेऱ्यासमोर धरा. दुसरं, ५० फ्रेमवर शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ) १/१०० सेकंद ठेवाल तेव्हा १/५० च्या तुलनेत प्रकाश निम्मा मिळेल. तेवढी सोय आधी करा. एडिटिंगमध्ये क्लिपचा वेग ५० टक्के करण्यापेक्षा तिचा फ्रेम-दर २५ असल्याचं सॉफ्टवेअरला सांगा. मग मूळ फ्रेम जशाच्या तशा चालतात, दोन फ्रेम मिसळून धूसरपणा येत नाही.

प्रश्न: पहिल्या ओळीला ओठ जुळतात, पण शेवटच्या कडव्यापर्यंत गाणं आणि चित्र एकमेकांपासून सुटतं. टेक एकच सलग आहे.

फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असता, तर क्लिप सरकवून काम झालं असतं. तो वाढत जातोय म्हणजे वेगात तफावत आहे. नेहमीचं कारण म्हणजे कॅमेरा २३.९७६ फ्रेमवर होता आणि टाइमलाइनवर क्लिप २४ धरली गेली. हा फरक हजारात एकाचा, पण चार मिनिटांत तो ०.२४ सेकंद, म्हणजे जवळजवळ सहा फ्रेम होतो. दोन फ्रेमची चूकसुद्धा जवळच्या शॉटमध्ये खटकते. क्लिपचा फ्रेम-दर खरा होता तोच लावा.

फोनवर शूट केलं असेल तर फोन फ्रेम-दर अधूनमधून बदलतो. फाइल आधी स्थिर फ्रेम-दरात बदलून घ्या, मगच एडिटिंगला घ्या. तिसरी शक्यता म्हणजे सेटवर गाण्याचं कच्चं मिक्स (अंतिम होण्याआधीचं ध्वनिमुद्रण) वाजलं आणि अंतिम मिक्समध्ये मधला वादनाचा तुकडा किंचित छाटला गेला. त्यावर तांत्रिक उपाय नाही. अंतिम ध्वनिफीत हाती आल्याशिवाय शूट करू नका.

जुळणी तपासायला प, फ, ब, भ, म ही अक्षरं शोधा. प, ब, भ, म ला ओठ पूर्ण मिटतात. फ ला मिटतात किंवा खालचा ओठ दातांना टेकतो. ती फ्रेम आणि आवाजाचा आलेख समोरासमोर ठेवा: एक जागा पहिल्या ओळीत, एक शेवटच्या. स्वरांवर जुळणी पाहत बसलात तर फसाल, तिथे दोन-तीन फ्रेमची चूक लपते.

मोठ्या मैदानात नाच टिपताना आणखी एक गोष्ट येते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्पीकरपासून २५ मीटरवरच्या नर्तकाला ठोका सुमारे ०.०७ सेकंद, म्हणजे जवळपास दोन फ्रेम उशिरा ऐकू येतो. मागची रांग ढिली वाटते ती अनेकदा यामुळे. स्पीकर नर्तकांच्या जवळ आणा.

प्रश्न: प्रत्येक ठोक्यावर कट दिला, तरी व्हिडिओ कंटाळवाणा वाटतो. काय चुकतंय?

प्रत्येक ठोक्यावर कट, हेच चुकतंय. चौथ्या कटनंतर डोळ्याला पुढचा कट आधीच कळतो. ठोका दाखवायला कट हे एक साधन आहे आणि ते सर्वांत कमकुवत. दार आपटणं, पाऊल पडणं, मान वळणं, दिवा लागणं या शॉटच्या आतल्या हालचाली ठोक्यावर पडल्या तर लय जास्त ठसते, कारण ती चित्रातूनच येते. यासाठी शूटच्या वेळीच गाणं वाजत असलं पाहिजे, निसर्गाच्या किंवा वस्तूंच्या शॉटलासुद्धा.

हिशोब असा: फ्रेम-दर गुणिले ६०, भागिले बीपीएम. २५ फ्रेमला १०० बीपीएम म्हणजे ठोक्याला १५ फ्रेम. १२० बीपीएमला साडेबारा येतात, आणि इथे घोटाळा होतो. दर वेळी १२ फ्रेम मोजत गेलात तर सोळा ठोक्यांत कट ठोक्याच्या आठ फ्रेम आधी पडू लागतो. म्हणून मोजत जाऊ नका, आवाजाच्या आलेखावर खुणा करा. कट खुणेच्या एक-दोन फ्रेम आधी द्या. नवं चित्र समजायला डोळ्याला थोडा अवधी लागतो, आणि खुणेवरचा कट उशिरा आल्यासारखा वाटतो.

मग बरेच कट काढून टाका. कडव्यात दोन-तीन ओळींपर्यंत एकच शॉट धरा, ध्रुवपदाला वेग वाढवा. सलग दोन शॉटची लांबी सारखी आली तर एक बदला.

ठोक्यावर झगमगणारे पांढरे किंवा लाल झोत वापरणार असाल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट होऊ देऊ नका. प्रकाशामुळे अपस्माराचा झटका येणाऱ्यांसाठी ही मर्यादा आहे, आणि गडद लाल त्यांना विशेष घातक ठरतो. १२० बीपीएमला प्रत्येक ठोक्यावर झोत म्हणजे सेकंदाला दोन. अर्ध्या ठोक्यावर आणलात की चार, मर्यादेबाहेर.

प्रश्न: चित्रावर सरकणारे काळे पट्टे येतात.

दिवे विजेबरोबर लुकलुकताहेत. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. तरीही पट्टे राहिले तर एलईडीच्या डिमरकडे बघा. स्वस्त डिमर दिवा झपाट्यानं चालू-बंद करूनच मंद करतो. दिवा पूर्ण तेजावर ठेवा आणि उजेड कमी करायला तो लांब न्या किंवा पुढे कापड लावा. अंगावर प्रोजेक्टरचं चित्र टाकलं असेल आणि पट्टे रंगीत असतील, तर प्रोजेक्टर रंगचक्राचा आहे, म्हणजे तो रंग एकामागून एक टाकतो. तीन पॅनलचा घ्या.

प्रश्न: पंधरा सेकंदांचा तुकडा हातानं रेखाटलेला हवा आहे, खऱ्या शूटवरून गिरवून. आम्ही दोघं आहोत. जमेल का?

जमेल. आवाका समजायला सांगतो: आ-हा या बँडच्या १९८५ च्या 'टेक ऑन मी'च्या व्हिडिओत सुमारे ३००० फ्रेम अशा गिरवल्या होत्या आणि त्याला १६ आठवडे लागले. तुमचे पंधरा सेकंद २४ फ्रेमच्या हिशोबानं ३६० फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर १८० चित्रं. चित्राला वीस मिनिटं धरा: एकूण साठ तास, प्रत्येकी तीस.

काम वाटून घेताना पहिले सात सेकंद एकाचे, पुढचे दुसऱ्याचे असं करू नका. जोडावर हात बदललेला स्पष्ट दिसेल. एकानं सगळ्या चित्रांत चेहरा करावा, दुसऱ्यानं केस, कपडे आणि मागचं.

गाणारा चेहरा असेल तर सरसकट एकाआड एक फ्रेम घेऊ नका. ओठ मिटल्याची फ्रेम अनेकदा नेमकी गाळलेल्या जागी येते आणि चित्रातलं तोंड म, ब म्हणतच नाही. तिथे एक फ्रेम पुढे-मागे सरकून मिटलेले ओठ घ्याच.

स्थिर वस्तू एकदाच काढून गोठवली तर ती थरथरत्या रेषांशेजारी मेलेली दिसते. तिची तीन चित्रं करा आणि आलटून-पालटून फिरवा. कागदांना एकाच मापाची भोकं पाडून खुंट्यांवर बसवा, नाहीतर सगळं चित्र उड्या मारतं. ए-४ कागद २०० डीपीआयवर (इंचाला २०० ठिपके) स्कॅन केला की एचडीला पुरेशी रुंदी मिळते. स्कॅनरची आपोआप उजेड सुधारण्याची सोय बंद करा. ती चालू राहिली तर प्रत्येक कागदाचा पांढरा वेगळा येतो आणि तुकडा लुकलुकतो.

प्रश्न: आडव्या व्हिडिओतूनच फोनसाठी उभा काढता येईल का?

१९२० रुंदीच्या फुटेजमधून ६०७ पिक्सेलची पट्टी उरते, म्हणजे रुंदीचा तिसरा हिस्साही नाही, आणि ती मोठी केली की फाटते. ४-के मध्ये शूट केलं तर १२१५ बाय २१६० मिळतं, ते पुरतं. पण शेजारी उभे असलेले दोन गायक त्या पट्टीत मावत नाहीत. एकाला पुढे आणि दुसऱ्याला खांद्यामागे उभं करा. मॉनिटरवर पट्टीच्या दोन रेषा चिकटपट्टीनं आखून ठेवा आणि प्रत्येक शॉट त्या रेषांच्या आत तपासूनच घ्या.