माशांच्या पिल्लांना अँटिबायोटिक टाकीच्या पाण्यात द्यावं की आर्टेमियातून?

समुद्री माशांच्या हॅचरीत पिल्लं मरू लागली, तपासणीत व्हिब्रिओ (माशांना आजारी पाडणारा जिवाणू) निघाला, तर औषध टाकीत ओतावं की आर्टेमियाला (पिल्लांना जिवंत खाद्य म्हणून देतात त्या कोळंबीसारख्या इवल्या जीवाला) खाऊ घालून त्यातून द्यावं, असा तुमचा प्रश्न आहे. पिल्लं अजून शिकार पकडत असतील तर मी आर्टेमियातूनच देतो. या वयात ती कोरडं खाद्य नीट घेत नाहीत, आणि पाण्यात ओतलेलं औषध बरंचसं फुकट जातं. खाऱ्या पाण्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा ऑक्सोलिनिक अॅसिड यांसारख्या अँटिबायोटिकला बांधून टाकतं. वर बायोफिल्टरमधल्या (टाकीचं पाणी जिवाणूंकरवी साफ करणाऱ्या गाळणीतल्या) अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनाही फटका बसतो तो वेगळाच.

खरी मेख वेळेत आहे. अंड्यातून नुकताच निघालेला नारिंगी आर्टेमिया काही खातच नाही. त्याचं तोंड बंद असतं आणि तो पोटातल्या बलकावर जगतो. साधारण आठ-दहा तासांनी कात टाकली की मग तो पाण्यातले 50 मायक्रॉनपर्यंतचे कण गाळून गिळू लागतो. त्याआधी औषध घालणं म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात. औषध माशाच्या तेलाच्या बारीक इमल्शनमधून (पाण्यात विखुरलेल्या तेलाच्या थेंबांतून) दिलं तर ते थेंबासोबत पोटात जातं. थोडे आर्टेमिया काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आतडं भरलेलं असेल तर अंगातून गडद रेघ जाते आणि तिच्यात तेलाचे थेंब ओळखू येतात. रेघ फिकी असेल तर थांबा. रोटिफर (पिल्लांना देतात ते आर्टेमियाहूनही बारीक जीव) पहिल्यापासूनच गाळून खातात, त्यामुळे तिथे ही वाट पाहावी लागत नाही.

मग जाळीत घेऊन भरपूर धुवा. आर्टेमिया स्वतःच व्हिब्रिओ घेऊन येतो आणि तेलकट पाण्यात त्याचं फावतं. धुतल्यावर मात्र रेंगाळू नका, कारण स्वच्छ पाण्यात त्याचं आतडं भराभर रिकामं होतं. लगेच द्यायचे नसतील तर थंड ठेवा. पिल्लं भुकेली असताना थोडे थोडे, अनेकदा घाला. टाकीत तासन्‌तास फिरत राहिलेल्या आर्टेमियात औषध फारसं उरत नाही.

औषध कोणतं आणि किती, हे संवेदनशीलता चाचणी (जिवाणूवर कोणतं औषध चालतं ते दाखवणारी) पाहून माशांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. शेजारच्या हॅचरीतला डोस उचलू नका. आणि औषध घातलेलं उरलेलं पाणी तसंच खाडीत सोडू नका.